पांढरी पडलेली अंगठी

"आधी ती म्हैस हलवा," अण्णा म्हणाले.

अंगणात जमलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. अंगठी खरी की खोटी याचा निकाल लावायला माझे होणारे सासरे विट्याजवळच्या त्यांच्या गावाहून आले होते, आणि आल्या आल्या त्यांना खटकली ती आमची म्हैस.

"म्हशीचं काय त्यात, पावणं?" माझ्या वडलांनी, म्हणजे दादांनी विचारलं.

"वारं त्या अंगाला हाय. धूर तिच्या तोंडावर जाईल. मुकं जनावर, दावं तोडून पळता यायचं न्हाई तिला."

दादांनी गुमान म्हैस सोडली आणि घरामागे नेऊन बांधली. एरवी दादा कुणाचं असं ऐकणारे नव्हते. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी रागाच्या जागी एक कडक, इस्त्री केलेली सभ्यता आली होती. पाणी दिलं गेलं, ते प्यायलं गेलं. चहा मात्र अण्णांनी नाकारला. "आधी काम," म्हणाले.

साखरपुड्याला पाच आठवडे झाले होते आणि लग्नाला तीन उरले होते. साखरपुड्यात सुहासने माझ्या उजव्या हाताच्या बोटात घातलेली अंगठी तेवढ्या दिवसांत पांढरी पडली होती. मळली नव्हती की काळवंडली नव्हती, चक्क पांढरी. तळव्याच्या बाजूला आधी एक ठिपका आला, तो पसरत गेला, आणि आता ती स्टीलच्या वाटीचा काठ कापून वळवल्यासारखी दिसत होती.

हे पहिल्यांदा बघितलं इंदूआत्याने. आत्या दादांची धाकटी बहीण, तिला दिलेलंही आमच्याच गावात, त्यामुळे दिवसातून दोनदा तिची फेरी ठरलेली. पापड लाटताना तिने माझा हात धरला, उजेडात फिरवला आणि "दादा, फसवलं रं आपल्याला" अशी हाळी दिली की अर्ध्या आळीने लाटणी खाली ठेवली.

दुसऱ्या कुणा घरची गोष्ट असती तर एवढ्या तेवढ्यावर मिटली असती. पण अण्णा होते गलाईवाले. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडची ही माणसं देशभर जातात आणि सोनं गाळायचं काम करतात. जुने दागिने आटवायचे, भेसळ काढायची, शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. परक्या मुलखातला माणूस घरातलं सोनं त्यांच्या हातावर ठेवून निघून जातो, तो केवळ विश्वासावर. सुहास तेव्हा तिकडे तमिळनाडूत, सेलमला भावकीच्या दुकानात बसायचा. गलाईवाल्याने सुनेला खोटी अंगठी घातली, ही बातमी सेलमला पोचायला दोन दिवस पुरले.

मग मध्यस्थामार्फत अण्णांचा निरोप आला. मी स्वतः येतो, चार माणसांसमोर अंगठी तपासतो. खोटी निघाली तर लग्न तुम्ही मोडा. खरी निघाली तर ज्यांनी आमच्यावर संशय घेतला त्यांची मुलगी करायची की नाही, ते आमचं आम्ही बघू. म्हणजे काहीही निघालं तरी लटकणार होते मीच. आणि मला सुहास फार आवडला होता, हे सरळच सांगते. आमचं फोनवर पाच रविवार बोलणं झालं होतं, आणि पाचही रविवार मी शनिवारपासून फोनशेजारी घुटमळत होते.

अण्णांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली. लहानसा तराजू, काळा कसोटीचा दगड, चिमटा, एक विटेचा तुकडा आणि वितळवायचा छोटा बर्नर. त्यांचे हात किंचित थरथरत होते. मला वाटलं, अपमानाने.

"दे बाळ," त्यांनी माझ्यापुढे हात केला.

मी अंगठी काढायला लागले तर ती निघेना. बोट सुजलं होतं. गेले पंधरा दिवस चपलाही घट्ट होत होत्या, पण लग्नघरात कुणाला असल्या गोष्टींकडे बघायला वेळ असतो? आईने साबणाचं पाणी आणलं तेव्हा कुठे ती सुटली. अण्णांनी अंगठी घेतली, पण नजर माझ्या बोटावरच राहिली, मग पायांकडे गेली, मग चेहऱ्याकडे. मी पदर सारखा केला.

"वजन करतो," ते मध्यस्थांना म्हणाले. "साकरपुड्याच्या आदल्या दिवशी मीच केलतं." तराजू स्थिर झाल्यावर त्यांनी दादांना जवळ बोलावलं. "बगा. तवापेक्षा जरासं जास्तच भरतंय. सोनं वापरून झिजतं, पावणं. वाढत न्हाई."

"म्हंजे?" दादा म्हणाले.

"म्हंजे ह्याला काहीतरी येऊन चिकटलंया."

इंदूआत्या नाकाने फुसकन हसली. "पाच आठवड्यात अंगठी बाळसं धरती व्हय?"

अण्णांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी अंगठी विटेवर ठेवली, वीट अंगणाच्या पार टोकाला नेली आणि वळून आम्हाला म्हणाले, "सगळी मागं सरा. ओट्यावर या. खिडकी लावून घ्या. बारक्या पोरांस्नी आत न्या."

आम्ही सरलो.

"अजून मागं."

"अहो, एवढीशी अंगठी," आत्या म्हणाली, "तिला तापवायला काय गाव उठवताय?"

"एवढीशीच हाय म्हणून अंगणात करतोय. जास्त असती तर माळाला गेलो असतो."

त्यांनी पंचा भिजवून नाकातोंडावर बांधला, वाऱ्याकडे पाठ करून बसले आणि हात लांब करून बर्नरचा जाळ अंगठीवर धरला. धूर म्हणावा असा काही दिसलाच नाही. अंगठी थोडा वेळ तशीच राहिली. मग तिच्या एका कडेला करडं पडलं, मग मळकट तपकिरी, आणि मग त्यातून हळूहळू पिवळा रंग वर आला. चकाकी गेलेला, खडबडीत, पण पिवळा. अण्णांनी बर्नर बंद केला तरी बराच वेळ ते कुणाला जवळ येऊ देईनात.

शेवटी अंगठी पाण्यात टाकून ते ओट्यावर आले आणि कसोटीवर तिची रेघ ओढली. शेजारी स्वतःच्या बोटातल्या अंगठीची ओढली. दोन्ही रेघांवर पिशवीतल्या बाटलीतून तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब सोडला. दोन्ही तशाच राहिल्या.

"सोनं खरं हाय," मध्यस्थ म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण पुरता पडलाच नाही, कारण अण्णांचं पुढचं वाक्य आलं.

"ह्याला पारा लागलाता."

"पारा?" दादा.

"व्हय. सोनाराच्या दुकानातला केर आणत्यात, त्यातलं सोन्याचं कण पाऱ्यानं धरायचं, आन मग पारा जाळून उडवायचा. आमच्यात जुनी माणसं हेच करायची. पारा सोन्याला धरला की सोनं पांढरं." त्यांनी पंचा सोडला. "माझ्या थोरल्या भावानं बंद खोलीत हे काम केलं, वीस वर्सं. हात असं कापायचं की घास तोंडापतोर जायचा न्हाई. मग अंगावर सूज आली. मग मूत्रपिंडं गेली. दिसत काय न्हाई, वास येत न्हाई, दुखत न्हाई. म्हणून म्हस हलवाय लावली."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. त्या हाताची पहिली तीन बोटं डाव्या हाताच्या बोटांपेक्षा गोरी होती.

आत्याला मात्र गप्प बसवणं देवालाही जमलं नसतं. "अहो पण पारा आमच्या घरात कुठनं यायचा?" ती म्हणाली. "पारा तुमच्या धंद्यातला. तुमच्याच भट्टीत लागला असणार. दुसऱ्याच्या लेकीच्या बोटात इखाची अंगठी घालता आन वर आम्हालाच शाळा शिकवता."

मला वाटलं, आता उठतील आणि चालू लागतील. पण अण्णांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. जास्त वेळ नाही, तांब्यातलं पाणी भांड्यात ओतेपर्यंत. मग ते दादांना म्हणाले, "ताई म्हणत्यात ते खरं असंल. लागला असंल आमच्याकडनंच. चूक आमची. अंगठी मी दुसरी करून देतो."

दादांचा चेहरा सैल झाला. सोनं खरं निघालं होतं, व्याह्याने चूक कबूल केली होती, लग्न वाचलं होतं. आईने चुलीकडे धाव घेतली, चहाला. मध्यस्थांनी तंबाखूची पिशवी काढली. आत्या अशी फुगली की जणू लढाई जिंकून आली. मला गप्प बसायला कुणी सांगितलंही नव्हतं आणि बोलायला कुणी विचारलंही नव्हतं. तीन आठवड्यांनी मी सुहासची बायको झाले असते आणि कुणाला काही कळलं नसतं.

पण तराजू पिशवीत भरताना त्या म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. अपमानाने नव्हे, पाऱ्याने, हे मला आता कळलं होतं. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांचं सोनं चोख परत केलं, तो आमच्या ओट्यावर बसून न केलेली चूक कबूल करत होता, आणि इंदूआत्या मिटक्या मारत होती. मला तिचा राग आला. धैर्यबिर्य काही नव्हतं, खरं सांगते, नुसता राग.

"अण्णा," मी म्हणाले, "पारा आमच्या घरातला हाय."

आत जाऊन मी कपड्यांच्या ट्रंकेच्या तळातून डबी काढली आणि आणून त्यांच्यापुढे ठेवली.

चपटी, प्लॅस्टिकची डबी. झाकणावर न वाचता येणारी परदेशी अक्षरं आणि एका गोऱ्यापान बाईचं अर्धं तोंड. तालुक्याला स्टँडमागे एक पार्लर होतं, तिथे मिळायची. नाव विचारलं तर पार्लरवाली म्हणायची, "नाव कशाला पाहिजे? गुण बघ." गुण होता, हे नाकारता येत नाही. साखरपुड्याच्या फोटोत सुहासशेजारी मी उभी होते, तो गोरा आणि मी ही अशी. अल्बम आला तेव्हा आत्या म्हणाली होती, "आमची वैजू दातांवरनं वळखायची." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी तालुक्याची एसटी धरली. रोज झोपताना त्या बोटांनी मळायची, आणि तीन आठवड्यांत मी अशी उजळले की बायका दारात थांबून म्हणायच्या, लग्नाचं तेज आलंय पोरीवर. तोंडाला सतत पैसा चघळल्यासारखी चव यायची, रात्र रात्र झोप नव्हती. त्यालाही सगळे लग्नच समजत होते, मीसुद्धा.

"हे लावती मी तोंडाला," मी म्हणाले. "पांढरं करणारं दुसरं काही मी वापरत न्हाई."

अण्णांनी डबी उघडली, लांब धरून बघितली आणि लगेच मिटली. "हिच्या अंगठीचा धूर लागू नये म्हणून मी तुम्हाला तीस पावलं मागं सारलं, पावणं," ते दादांना म्हणाले, "आन ही पोरगी रोज..." ते माझ्याकडे वळले.

"पाय पुढं कर बाळ."

सासऱ्यापुढे पाय करायचा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या मुलींना विचारा. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी केला. त्यांनी अंगठ्याने नडगीवर दाबलं आणि बोट उचललं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. आईने हातातला चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला.

"तुम्हाला मघाशीच कळलं होतं," मी म्हणाले.

"सूज बगितली तवा शंका आली. म्हटलं, चार माणसांत नको, मागनं एकटीला इचारावं." मग ते उठले. "पावणं, उद्याच्या उद्या हिला मोठ्या डाक्टरकडं न्या. लघवी तपासा. आन लग्नाची तारीख आता राहू द्या. पुढचं पुढं बगू."

चहा न घेता गेले.

त्यांची जीप वळली तशी आई रडायला लागली. "पुढचं पुढं बगू" याचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही कळतो. मोडलं, एवढाच. दादा मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मुजावर मॅडमनी माझा रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला. लघवीतून शरीरातलं प्रोटीन वाहून जात होतं, थोडंथोडकं नव्हे. "चार आठवडे म्हणालीस ना? नशीबवान आहेस. आणखी वर्षभर लावलं असतंस तर ही किडनी घेऊन माझ्याकडे नुसतं रडायला आली असतीस. आता क्रीम बंद, मीठ कमी, गोळ्या सांगते तशा, आणि दर पंधरा दिवसांनी इथे. बहुतेकांची किडनी आपसूक सावरते. तू सावरशील असं मला वाटतं, पण तसं लिहून देत नाही."

"मॅडम, पण मी खरंच गोरी झाले होते."

"झाली होतीस. पाऱ्यानेच झाली होतीस. त्वचेला रंग तयार करू देत नाही तो. अंगणातल्या उन्हापासून तुला वाचवायला जो रंग दिला होता, तोच बंद पाडला." त्यांनी डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. तपासायला पाठवते, म्हणाल्या. महिन्याभराने उत्तर आलं, आणि त्यातला पाऱ्याचा आकडा ऐकून त्यांच्या सिस्टरने डोक्याला हात लावला. पण ते नंतर. त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी मला विचारलं, "तुझ्या गावात अजून किती जणींकडे आहे?"

मला माहीत होतं. पार्लरची वाट आम्ही मुलींनी एकमेकींनाच दाखवली होती.

मॅडम शनिवारी आमच्या गावात आल्या. शाळेत मुली गोळा केल्या, मूत्रपिंडाचं चित्र टांगलं, सगळं सोपं करून सांगितलं. मुली माना डोलावत होत्या, आणि एकीनेही डबी काढली नाही. माझ्यामागे बसलेली शबाना पुटपुटली, "तुला सोसली न्हाई, म्हणून काय सगळ्यांना बाधतीय व्हय?" मॅडम हताश होऊन चित्राची गुंडाळी करायला लागल्या. मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणाले, "तुमच्या कानातलं काढून बघा. फिरकीकडची बाजू."

सगळ्यांचे हात एकदम कानांकडे गेले. सात जणींच्या कुड्यांवर पांढरे डाग होते.

मला आजही त्याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. तोंडाचं काय होईल याची भीती एकीलाही नव्हती. मूत्रपिंड तर कुणी बघितलं होतं? पण सोन्याला धक्का लागतोय म्हटल्यावर मुलीच काय, त्यांच्या आयाही धावत सुटल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर दहा डब्या जमा झाल्या. शबानाच्याही पायाला सूज निघाली. पुढचे दोन महिने आम्ही दोघी एकाच एसटीने तपासायला जायचो. अकरावी डबी तिन्हीसांजेला आली. पदराआड धरून इंदूआत्याच घेऊन आली होती.

"तुझ्याकडची बघून मीबी आणलीती," ती म्हणाली. माझ्या नजरेला नजर देत नव्हती. "जराशीच लावली. माझीबी लघवी तपासायला सांगशील का त्या बाईस्नी?"

तिला काही झालेलं नव्हतं. पण तपासणीचा कागद हाती येईपर्यंत चार दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आमच्या घराने तेवढी शांतता पुन्हा कधी अनुभवली नाही.

सुहासचा फोन सहाव्या रविवारी आला नाही. सातव्या रविवारी आला.

"कशी आहेस?"

"सूज उतरतीय."

"मी कधी म्हणालो का, की तू गोरी पाहिजेस?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. मग वाटलं, खोटं कशाला बोला. "म्हणजे सगळेच."

"मी पण फोटोत बरोबर शेजारी उभा होतो," तो म्हणाला. "आत्याबाई काय बोलल्या ते मला मागनं कळलं. मला आधी माहीत असतं तर बोललो असतो." तारखेचं काही विचारायचं मला धाडस झालं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही. पण त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

माझा रंग परत आला, आधी चट्ट्याचट्ट्यांनी, मग सगळा. गावात कुजबुज झाली, लग्न मोडल्याच्या दुःखाने पोरगी काळवंडली म्हणून. दर पंधरा दिवसांनी मी कागद घेऊन यायचे, आणि दादा, जे माझ्याशी धड बोलत नव्हते, तो कागद दारातच हातातून ओढून घेऊन वाचायचे. प्रोटीन तीन प्लस. तीन प्लस. दोन. जुलैत एक. मग परत दोन, आणि त्या रात्री आई जेवली नाही. मग एक. मग नुसती खूण, अगदी किंचित आहे एवढंच सांगणारी.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मुजावर मॅडमनी कागद माझ्या हातात दिला आणि खुर्चीतून उठून मला मिठी मारली. तिथे लिहिलं होतं, निल. दवाखान्याच्या पायरीवर दादांनी तो चार वेळा वाचला. मग कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "उसाचा रस घेणार?" आम्ही दोन दोन ग्लास प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, चल, हा कागद त्यांना दाखवून येऊ. जे काय असेल ते त्यांच्या तोंडून ऐकू. मला जायचं नव्हतं. सहा महिन्यांत त्या घरातून तारखेबद्दल एक अक्षर आलं नव्हतं, आणि मनातून मी अण्णांवर चिडलेही होते. चार माणसांत खरं बोलले त्याचं हे फळ, असं वाटायचं. डबी काढली नसती तर मे महिन्यातच त्या घरात गेले असते.

अण्णा पडवीत बसले होते. त्यांनी कागद घेतला, लांब धरला, ओठ हलवत वाचला. मग आत हाक मारली, "मंगल, चहा टाक. साखर घालून." आणि माझ्याकडे वळले.

"राग आला असंल तुला माझा."

मी 'नाही' म्हणाले नाही. खोटं बोलायची सवय मोडली होती.

"ही मंगल, सुहासची थोरली बहीण," ते म्हणाले. चहा घेऊन आलेली मंगलताई दारातच थांबली. "लग्नाच्या वेळी हिला कावीळ झालीती. कुणाला सांगितलं न्हाई हिनं. सासरी गेली. नवी नवरी, डोळं पिवळं दिसू नयेत म्हणून खाली मान, तोंडाला पावडर, आन चुलीपुढं उभी. पंचवीस माणसांचं रांधत होती. बेशुद्ध पडली तवा आम्हाला कळलं. वाचली, देवाची कृपा." त्यांनी कागदाची घडी घातली. "सासरी गेलेली पोरगी दुखणं सांगत न्हाई, बाळ. घर कितीबी चांगलं असू दे. आमचं बी चांगलंच हाय, पण तू सांगितलं नसतंस. पहिलं वर्स लाजण्यातच गेलं असतं तुझं, आन तेवढ्यात मूत्रपिंड गेलं असतं. म्हटलं, आईच्या घरात हाय तवर बरी होऊ दे. तिथं तू हक्कानं दुखणं काढशील."

"मग हे तेव्हाच का न्हाई सांगितलंत?" दादांनी विचारलं. "सहा महिने आमच्या घरात चूल धड पेटली न्हाई, पावणं."

"तारीख ठरलेली असती तर लग्नाची घाई म्हणून हिनं खोटं बरं वाटून घेतलं असतं," अण्णा म्हणाले. "पोरी घेत्यात तसं."

त्या सहा महिन्यांत मी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या पडवीत, हातात चहाचा कप धरून, सगळं रडून घेतलं. मंगलताईने कप काढून घेतला आणि माझ्याशेजारी बसून राहिली.

माझं आवरेपर्यंत अण्णा थांबले. मग दादांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरू का? का अजून थांबायचंय तुला?"

उत्तर द्यायला दादांनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

"थांबायचं न्हाई," मी म्हणाले.